हॉर्न बंद होत नाही, मधला डबा उलटा ओढतो, सुटलेले डबे पळतात: स्टॉर्मवर्क्समधल्या जोडगाडीच्या कंट्रोलची दुरुस्ती

स्टॉर्मवर्क्स हा वाहनं स्वतः बांधून चालवायचा गेम. त्यात एकटा डबा रुळावर ठेवला की सगळं नीट चालतं. थ्रॉटल घेतो, ब्रेक लागतो-सुटतो, हॉर्न वाजतो आणि बोट काढलं की थांबतो. दुसरा डबा जोडला की हॉर्न बंदच होईना. तिसरा जोडला की गाडी जागची हलेना, कारण मधला डबा उलट्या बाजूला जोर लावत असतो. कपलिंग सोडलं की मागचे डबे उताराने आपले आपण निघतात. नांदेड, परभणी, लातूरकडच्या आपल्या खेळणाऱ्या मंडळींकडून हीच तक्रार दर थोड्या दिवसांनी येते, आणि दर वेळी पहिला संशय कनेक्टरवर नाहीतर गेमच्या नव्या अपडेटवर जातो. बहुतेक वेळा दोष तिथे नसतो. तो डब्यातल्या मायक्रोकंट्रोलरच्या (बटणांचे आदेश मोटर-ब्रेकपर्यंत नेणाऱ्या पेटीच्या) रचनेत असतो आणि एकट्या डब्यात कधीच दिसत नाही. म्हणूनच तो सापडायला इतका वेळ लागतो.

आपल्याकडे बरेच जण बांधायला घेतात ती गाडी म्हणजे जलदूत. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाणी आणणारी. पहिल्या खेपेला १० वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी, पुढे ५० वाघिणी आणि एका खेपेला २५ लाख लिटर. त्या वाघिणी कोट्याच्या वर्कशॉपमध्ये आतून वाफेने धुऊन काढल्या होत्या. तो उन्हाळा ज्यांनी लातुरात काढलाय त्यांना ही गाडी जशीच्या तशी बांधावीशी वाटणारच. गेममध्ये ५० वाघिणी ओढायच्या भानगडीत पडू नका, प्रत्येक वेगळं वाहन म्हणजे कॉम्प्युटरवर वेगळा भार. सहा ते दहा पुरेत. पण कंट्रोल तपासायला याहून चांगली गाडी नाही, कारण सगळ्या वाघिणी सारख्या असतात आणि यार्डात त्या कोणत्याही क्रमाने, कोणत्याही तोंडाने लागतात. कुठलीही वाघीण कुठेही जोडली तरी गाडी चालली पाहिजे. "ही वाघीण तिसऱ्याच जागी लावायची आणि तिचं तोंड इंजिनाकडेच ठेवायचं" असं सांगावं लागत असेल तर ती रचना मॉड्युलर नाही.

खाली जे सांगतोय ते सगळं एका कंट्रोलरबद्दल आहे. इंजिनात, वाघिणीत, गार्डच्या डब्यात तोच एक, कुठेही फरक नाही.

चार तारांची नावं आधी ठरवा

डब्याच्या दोन टोकांना 'अ' आणि 'ब' म्हणू. प्रत्येक टोकाच्या कनेक्टरमधून डेटा येतो आणि प्रत्येक टोकातून डेटा जातो. म्हणजे कंट्रोलरला चार कंपोझिट तारा: अ-येणं, अ-जाणं, ब-येणं, ब-जाणं. नोडला (तार जोडायच्या जागेला) नाव देताना हेच शब्द लिहा. "इनपुट १", "इनपुट २" अशी नावं ठेवलेला कंट्रोलर महिन्याभराने उघडला की ज्याने बांधला त्यालाही वाचता येत नाही.

एका कंपोझिट तारेत ३२ संख्या आणि ३२ चालू-बंद चॅनेलं मावतात. आपल्याला यातली फार थोडी लागतात. संख्यांमध्ये १ थ्रॉटल, २ ब्रेक-मोकळा, ३ गणती. चालू-बंदमध्ये १ "कॅब ताब्यात", २ डावे दरवाजे, ३ उजवे दरवाजे, ४ हॉर्न, ५ दिवे. पाण्याच्या झडपा वगैरे ज्या-त्या डब्याच्या गरजा २० च्या पुढे. हा नकाशा कागदावर लिहून भिंतीला लावा आणि मित्रांसोबत एकाच सर्व्हरवर बांधत असाल तर सगळ्यांनी तोच वापरा. परभणीच्या पोराने हॉर्न चारवर ठेवला आणि नांदेडच्या पोराने चारवर डावे दरवाजे ठेवले, तर पहिल्याच क्रॉसिंगला काय होईल ते सांगायला नको.

हॉर्न बंद होत नाही

आधी साधी गोष्ट पाहून घ्या. हॉर्नचं बटण दाबून धरायचं आहे की एकदा दाबलं की चालूच राहणारं? दुसऱ्या प्रकारचं असेल तर बदला आणि पुन्हा बघा. तरीही वाजतच राहत असेल तर पुढे वाचा.

बहुतेकांची रचना अशी असते: अ-येणं, ब-येणं आणि स्वतःच्या कॅबची बटणं, या तिन्ही "किंवा" गेटमध्ये (एक जरी चालू असलं तरी चालू देणाऱ्या ब्लॉकमध्ये) घालायच्या, जे निघेल ते स्वतः वापरायचं आणि दोन्ही टोकांना पाठवायचं. वाचायला अगदी बरोबर वाटतं. कुणीही हॉर्न दाबला तरी सगळ्यांना कळला पाहिजे, हेच तर हवंय. पण पहिल्या डब्याने "हॉर्न" म्हटलं की दुसऱ्याने ते घेऊन पुढे पाठवलं आणि मागेही पाठवलं. पहिल्या डब्यात बोट उचललं, तरी दुसऱ्याकडून "हॉर्न" येतोच आहे, म्हणून पहिला तो परत दुसऱ्याला देतो. दुसरा म्हणतो पहिला सांगतोय, पहिला म्हणतो दुसरा सांगतोय. गावात अफवा जशी दोन घरांच्या आधारावर वर्षभर जिवंत राहते, तसा हा हॉर्न.

खात्री करायची सोपी रीत आहे. हॉर्न अडकलेला असताना कपलिंग सोडा. दोनच डबे असतील तर दोन्ही त्याच क्षणी गप्प होतात. तीन असतील तर सुटलेला एकटा डबा गप्प होतो आणि उरलेले दोघे वाजतच राहतात. असं झालं की दुसरं काही शोधू नका, हा प्रतिध्वनीच आहे. आणखी एक खूण: बटण अगदी क्षणभर टिचकी मारून सोडलं तर हॉर्न किंवा दिवा सलग न राहता फडफडतो. छोटासा सिग्नल दोन डब्यांमध्ये चेंडूसारखा ये-जा करत असतो आणि दर फेरीला एकदा दिवा लागतो.

उपाय एका नियमाचा. अ-येणं फक्त ब-जाण्याला जोडायचं आणि ब-येणं फक्त अ-जाण्याला. ज्या टोकाने बातमी आली त्या टोकाने ती कधीच परत जाऊ द्यायची नाही. डब्याच्या स्वतःच्या वापरासाठी दोन्ही येणी एकत्र करा, खुशाल करा, पण ते एकत्र केलेलं पुन्हा कनेक्टरकडे नेऊ नका. एवढं पाळलं की प्रत्येक बातमी गाडीच्या एका टोकाकडे वाहत जाते आणि शेवटच्या डब्याच्या मोकळ्या कनेक्टरवर संपते. परत यायला वाटच उरत नाही. गाडीत दोन स्वतंत्र मार्गिका होतात, एक इकडून तिकडे आणि एक तिकडून इकडे. सिंगल लाईनवर क्रॉसिंगसाठी थांबायची सवय असलेल्या आपल्या माणसांना दुहेरी मार्गाची किंमत वेगळी सांगायला नको.

नियम कळला तरी चूक एका जागी हमखास लपते. कंपोझिट-लेखन नोडला एक कंपोझिट इनपुट असतो. त्यात जी तार द्याल तिची बाकीची चॅनेलं जशीच्या तशी पुढे जातात. ब-जाण्यासाठीच्या लेखन नोडला चुकून एकत्र केलेली तार दिली, तर वरवर सगळं बरोबर दिसतं आणि प्रतिध्वनी मागच्या दाराने आत येतो. ब-जाण्याच्या नोडपासून तारेने उलटं चालत जा: मागे जाताना ब-येणं लागलं तर तिथेच चूक आहे. अ-जाण्यासाठी हेच उलटं. लेखन नोडमध्ये चॅनेलांची संख्याही पाहा. एकच चॅनेल बदलायचं असेल तर संख्या एकच ठेवा आणि सुरुवातीचं चॅनेल बरोबर निवडा, नाहीतर शेजारची चॅनेलं पुसली जातात आणि तुम्ही दिवसभर कनेक्टरला दोष देत बसता.

गणती: तुटलंय कुठे ते गाडीच सांगेल

हा भाग सगळ्यात उपयोगी आहे, आणि बहुतेक जण हाच गाळतात.

संख्या-चॅनेल ३ वर प्रत्येक डबा आलेल्या आकड्यात एक मिळवून पुढे देतो. अ-येण्यातली गणती अधिक १, ती ब-जाण्यात. ब-येण्यातली गणती अधिक १, ती अ-जाण्यात. मोकळ्या टोकाकडून शून्य येतं. मग प्रत्येक डब्याला तीन गोष्टी कळतात: अ बाजूला किती डबे आहेत, ब बाजूला किती, आणि दोन्हींची बेरीज अधिक १ म्हणजे गाडीत एकूण किती. हा एकूण आकडा टूलटिपच्या (डब्याकडे बघितलं की दिसणाऱ्या मजकुराच्या) नोडवर दाखवा किंवा डब्याच्या अंगावर छोटा डायल लावा.

सहा डब्यांची गाडी घ्या. सगळं ठीक असेल तर सहाही डब्यांवर ६ दिसतो. आता समजा पहिल्या तीन डब्यांवर ६ दिसतोय आणि मागच्या तिघांवर ३. म्हणजे पुढच्यांना मागचे दिसताहेत, पण मागच्यांना पुढचे दिसत नाहीत. तिसऱ्याकडून चौथ्याकडे जाणारी मार्गिका तुटली आहे, चौथ्याकडून तिसऱ्याकडे येणारी शाबूत आहे. मग तिसऱ्या डब्याचं ते जाणं आणि चौथ्याचं ते येणं, या दोनच नोड तपासायच्या. सहाही डब्यांवर ३ दिसला तर दोन्ही मार्गिका तिथेच गेल्यात, म्हणजे बहुधा कनेक्टरच बसलेला नाही किंवा डेटा न नेणारा साधा कनेक्टर लावलाय. आणि आकडा ६ वर न थांबता पळत सुटला, ४०, ९०, २००, तर कुठेतरी प्रतिध्वनी आहे. हॉर्न वाजवून बघायचीही गरज नाही.

खऱ्या रेल्वेतही गाडी सुटण्याआधी ब्रेकचा सलगपणा तपासतात. मागे गार्ड पाइपातला दाब उतरवतो आणि इंजिनातल्या गेजवर तो उतरताना दिसला पाहिजे. शेवटच्या टोकापर्यंत पाइप मोकळा आहे याची ती खूण. गणती हेच काम करते, आणि कुठे अडलंय तेही सांगते.

मधला डबा उलटा ओढतो

इंजिनात "पुढे" दाबलं, +१ गेला, सगळ्या डब्यांना +१ मिळाला आणि प्रत्येकाने आपापल्या अ टोकाकडे जोर लावला. यार्डात जो डबा फिरून लागलाय त्याचं अ टोक मागे आहे, म्हणून तो मागे ओढतो. सगळी मोटरवाली वाहनं असतील तर गाडी जागच्या जागी ताणली जाते, एखादं कपलिंगही सुटतं.

यावर लोक करतात तो उपाय म्हणजे प्रत्येक डब्यात एक सेटिंग: "सरळ / उलटा". चालतं, पण दर वेळी गाडी लावताना प्रत्येक डब्याजवळ जाऊन ते बघावं लागतं, आणि एक विसरला की पुन्हा तेच. त्यापेक्षा "पुढे" हा शब्दच डब्याच्या टोकाशी बांधू नका. तो डेटाच्या प्रवासाशी बांधा. थ्रॉटल-चॅनेलवरच्या आकड्याचा अर्थ एवढाच ठेवा: धन म्हणजे हा डेटा ज्या बाजूला चाललाय त्या बाजूला गाडी न्यायची, ऋण म्हणजे डेटा आला त्या बाजूला.

आता कॅबचा लीव्हर पाहा. लीव्हर धन म्हणजे अ टोकाकडे जायचंय. म्हणून अ-जाण्यात लीव्हरचा आकडा तसाच आणि ब-जाण्यात त्याचं चिन्ह उलटं. मधले डबे थ्रॉटलला हात लावत नाहीत, आला तसा पुढे देतात. ज्या डब्यातून चालवताय त्याच्या मोटरला लीव्हरचाच आकडा; बाकीचा प्रत्येक डबा स्वतःच्या मोटरला देतो: ब-येण्यातला आकडा वजा अ-येण्यातला आकडा. दोन इनपुट घेणारा गणिताचा एक ब्लॉक पुरे.

पडताळून पाहू. इंजिनाचं अ टोक डावीकडे आहे आणि लीव्हर +१, म्हणजे डावीकडे जायचंय. ब-जाण्यातून −१ निघाला. पुढचा डबा फिरलेला आहे, त्याचं ब टोक इंजिनाकडे. त्याला ब-येण्यात −१ मिळाला, अ-येण्यात शून्य. मोटरला −१, म्हणजे ब टोकाकडे, म्हणजे डावीकडे. बरोबर. डबा न फिरवता लावला असता तर −१ अ-येण्यात आला असता, वजाबाकीने +१ झाला असता, आणि अ टोक डावीकडे असल्यामुळे पुन्हा डावीकडेच. कुठलंही सेटिंग नाही, डब्याने कुठल्याही तोंडाने लागावं.

दरवाज्यांनाही हेच. "डावा" म्हणजे डेटाच्या प्रवासाच्या दिशेने तोंड करून उभं राहिल्यावर डावा. कॅबमधून अ-जाण्यात डावा-उजवा तसेच, ब-जाण्यात अदलाबदल. वापरताना ब-येण्यातले तसेच, अ-येण्यातले अदलाबदल करून. ही युक्ती गेमवाल्यांची नाही. एकाच कॅबमधून अनेक मोटरडबे चालवायची पद्धत फ्रँक स्प्रेग या अभियंत्याने १८९७ मध्ये शिकागोच्या साउथ साइड एलिव्हेटेड रेल्वेवर आणली, आणि तशा जोडणीत "पुढे" व "मागे" या दोन तारांची डब्याच्या दोन टोकांमध्ये अदलाबदल करावीच लागते. डबा कुठूनही जोडला तरी चालावा, हा हट्ट रेल्वेवाल्यांचा सव्वाशे वर्षांपूर्वीचा आहे.

सुटलेले डबे पळतात

याचं कारण एका ओळीत: तुमच्या चॅनेलवर "ब्रेक लाव" असा आदेश आहे. कपलिंग सुटलं की डेटा शून्य होतो, शून्य म्हणजे "ब्रेक लावू नको", आणि वाघिणी निघाल्या.

आदेश उलटा करा. चॅनेल २ वर "ब्रेक मोकळा" पाठवा, ० ते १. चाकांना मिळणारा ब्रेक म्हणजे १ वजा हा आकडा. सांगणारा कुणी नसेल तेव्हा ब्रेक पूर्ण लागलेला. हीच खऱ्या एअर ब्रेकची कल्पना. जॉर्ज वेस्टिंगहाउसच्या १८६९ च्या पहिल्या ब्रेकमध्ये दाब देऊन ब्रेक लावायचे, त्यामुळे होज फुटला की ब्रेकच गेले. १८७२ मध्ये त्याने ते फिरवलं: पाइपात दाब असेपर्यंत ब्रेक मोकळे, दाब गेला की ब्रेक लागले. आपल्याकडच्या गाड्यांच्या ब्रेक पाइपात आजही ५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब धरून ठेवतात तो याचसाठी. वाघिणीतल्या पाण्यासकट घाटात कपलिंग तुटलं तर काय होईल याचा विचार करूनच हा भाग बांधा. गेममध्ये कुणी मरत नाही हे खरं, पण बांधायचं तर नीट बांधावं.

यात एक उणीव राहते. मागचे सुटलेले डबे थांबतात, पुढचा तुकडा मात्र इंजिनाशी जोडलेला असल्यामुळे चालतच राहतो, आणि चालवणाऱ्याला पत्ता नसतो. खऱ्या गाडीत पाइप फुटला की दोन्ही तुकड्यांचे ब्रेक लागतात. इथे गणती कामाला येते. कॅबमध्ये "गाडी तयार" असं एक बटण ठेवा. ते दाबलं की त्या क्षणाचा एकूण आकडा मेमरी रजिस्टरमध्ये साठतो. चालताना एकूण आकडा साठवलेल्यापेक्षा कमी झाला की कॅबमधून ब्रेक-मोकळा शून्य. कनेक्टर एखाद्या झटक्याला क्षणभर चाचपडला तर उगाच गाडी थांबू नये म्हणून आकडा अर्धा सेकंद सलग कमी राहिला तरच ब्रेक लावा. आणि हा आकडा आपोआप साठवू नका. डबे जोडताना गणती २, ३, ४ अशी चढत जाते, मधलाच आकडा साठला तर पुढे एक डबा सुटूनही कळणार नाही.

दोन कॅब, एक गाडी

दोन्ही टोकांना इंजिन असेल आणि दोन मित्र दोन कॅबमध्ये बसले असतील, तर आकडे एकमेकांत मिसळतात आणि गाडी वेड्यासारखी वागते. कॅब ताब्यात घ्यायला चावी ठेवा. चावी फिरवताना दोन्ही येण्यांपैकी कुठेही "कॅब ताब्यात" दिसत असेल तर चावी लागूच द्यायची नाही.

चावी लागली की त्या डब्यातले कंपोझिट स्विचबॉक्स (दोन तारांपैकी एक निवडणारे ब्लॉक) आलेली तार सोडून स्वतःची तार पुढे देतात, अ साठी एक आणि ब साठी एक. मधल्या डब्यात कॅब असेल तरी हेच चालतं. इथे एकच काळजी: गणतीचं लेखन स्विचबॉक्सच्या नंतर ठेवा. आधी ठेवलंत तर चावी लागल्याबरोबर गणती तिथेच तुटते, बाकीच्या डब्यांना फक्त आपल्याच बाजूची गाडी दिसते, आणि त्यांच्यावरचा एकूण आकडा चुकीचा येतो. 

शेवटची वाघीण उशिरा ऐकते

गेमचं लॉजिक सेकंदाला ६० टिकांनी (ठोक्यांनी) चालतं आणि वाटेत येणारा प्रत्येक नोड साधारण एक टिक खातो. प्रत्येक डब्यात आदेश वाचला, गणितातून काढला, पुन्हा लिहिला, स्विचमधून नेला, म्हणजे चार टिक. दहा वाघिणींना ४० टिक, सेकंदाचे दोन तृतीयांश. तोवर पुढचे डबे ब्रेक लावून बसलेत आणि मागचे त्यांच्यावर आपटताहेत.

म्हणून पुढे जायच्या वाटेवर आदेश सोडवून पुन्हा बांधू नका. अख्खी कंपोझिट तार जशी आली तशी पुढे, वाटेत फक्त स्विचबॉक्स आणि गणतीचं लेखन. थ्रॉटल वाचणं, वजाबाकी, मोटर, हे सगळं बाजूच्या फांदीवर. गणतीची बेरीज बाजूला व्हायला एखादा टिक जास्त गेला तरी तिची वाट कुणी पाहत नसतं. उरलेला उशीर लपवायला कॅबमध्येच लीव्हरचा आकडा हळूहळू चढवा-उतरवा. झटक्यात ० वरून १ वर नेला तर चांगल्यात चांगल्या रचनेतही मागची वाघीण हिसका देणार. लांब मालगाडीत खऱ्या ब्रेकलाही शेवटापर्यंत पोचायला वेळ लागतो, तेव्हा उशीर पूर्ण काढायच्या मागे लागू नका.

जुना कंट्रोलर राहून गेलेला डबा

हे सगळं दुरुस्त करूनही गाडी पुन्हा बिघडते, याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे एखाद्या जतन केलेल्या वाहनात कंट्रोलरची जुनी प्रत बसलेली असते. कंट्रोलर एका वाघिणीत सुधारला म्हणून बाकीच्या फायलींमध्ये तो आपोआप बदलत नाही. प्रत्येक वाहन उघडून नवा टाकावा लागतो, आणि मित्राने आठवड्यापूर्वी घेतलेली वाघीण तर हमखास जुनी असते.

संख्या-चॅनेल ३२ वर कंट्रोलरच्या आवृत्तीचा आकडा ठेवा. गणतीसारखाच तो प्रत्येक डब्याने दोन्ही जाण्यांवर स्वतःचा लिहायचा, आलेला पुढे द्यायचा नाही. ज्या टोकाची गणती शून्याहून जास्त आहे, म्हणजे शेजारी डबा आहे, त्या टोकाकडून आलेला आकडा स्वतःच्या आकड्याशी जुळला नाही की त्या टोकावरचा पिवळा दिवा लावा. गाडी लागली की प्लॅटफॉर्मवरून एकदा नजर टाकायची. दोन डबे एकमेकांकडे पिवळा दिवा दाखवत असतील तर त्यातला कमी आवृत्तीचा डबा यार्डात घ्या आणि त्यात नवा कंट्रोलर टाका. एकाच डब्याचा दिवा लागलाय आणि शेजाऱ्याचा नाही, असं दिसलं तर शेजाऱ्याचा कंट्रोलर ही पद्धत यायच्या आधीचा आहे. त्याच्यात दुरुस्तीला हात न घालता तो पूर्ण काढून नवा बसवा.